पहिलाच इंटरव्ह्यू, वय १७, अनुभव शून्य... तयारी कशी करू?

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत नुसतीच वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज. तर झालंय असं की एका पुस्तकांच्या दुकानात शनिवार-रविवार कामाला मुलं हवी होती, मी सहज म्हणून फॉर्म भरला आणि चक्क बोलावणं आलं. पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. आता पोटात गोळा आलाय. बाबा म्हणतात नीट बोल म्हणजे झालं, आई म्हणते कॉन्फिडन्स ठेव, दादा नुसता हसतोय. कॉन्फिडन्स ठेव म्हणजे नक्की कुठे ठेवू? रेझ्युमे पण मागितलाय, त्यात नाव आणि शाळा सोडून लिहायला काहीच नाहीये. आणि "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की मला खरंच नाव सोडून काही आठवत नाही. कुणी या वयात इंटरव्ह्यू दिला असेल किंवा घेतला असेल तर सांगा ना, अगदी बेसिक पासून.

नुकताच_१९:
अभिनंदन! दोन वर्षांपूर्वी मी याच बोटीत होतो. एकच सांगतो, नेटवरची "टॉप ५० प्रश्न आणि उत्तरं" पाठ करू नकोस. मोठ्या पोस्टसाठी असतात ती. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" असलं वीकेंडच्या कामाला फारसं कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर शिक्षण चालू असेल असं सरळ सांगायचं.

निवांत_नाना:
बाळा, बोलण्यापेक्षा देहबोली महत्त्वाची. माणसाचा ९३ टक्के प्रभाव हावभाव आणि आवाजातून पडतो, शब्दांचा फक्त ७ टक्के. ताठ बस, नजरेला नजर दे, बाकी आपोआप होतं.

खवचट:
नाना, म्हणजे तिने उरलेले ७ टक्के घरी ठेवून गेलं तरी चालेल. नुसतं ताठ बसून यायचं.

शिफ्टवाली:
कोरीपाटी, बरीच वर्षं मी दुकानाच्या फ्लोअरवर आहे आणि वीकेंडला येणाऱ्या मुलामुलींचे इंटरव्ह्यू माझ्याकडेच असतात, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, तुला अनुभव नाही हे फॉर्मवर दिसतंच आहे, तरी बोलावलंय ना, मग त्याबद्दल माफी मागत बसू नकोस. "मला काही येत नाही पण मी शिकेन" असं सुरुवातीलाच म्हणणारी मुलं खूप येतात आणि त्यातलं पहिलं अर्धंच लक्षात राहतं. १७ वर्षांच्या मुलीकडून मला काय हवं असतं? ती वेळेवर येईल का, शनिवारी सकाळी ऐनवेळी "आज जमणार नाही" असा मेसेज टाकेल का, गिऱ्हाईकाशी मान वर करून बोलेल का, आणि एखादी गोष्ट कळली नाही तर विचारेल की अंदाजपंचे करून टाकेल. बस. बाकी बिलिंग, स्टॉक लावणं, हे आम्ही शिकवतो.

आणि सगळ्यात जास्त मुलं कुठे अडकतात माहितीये? "कुठल्या दिवशी, किती वाजल्यापासून येऊ शकशील" या प्रश्नाला. एवढा साधा प्रश्न, पण "बघते", "आईला विचारून सांगते", "क्लास आहे पण ॲडजस्ट होईल" अशी उत्तरं येतात. शिफ्ट लावणाऱ्या माणसाला याचा काही उपयोग नाही. घरी बसून कागदावर लिही, शनिवारी कधीपासून कधीपर्यंत, रविवारी कधी, क्लास कुठल्या वेळेला, परीक्षा कुठल्या महिन्यात, त्या काळात येणार की सुट्टी लागणार. जायला-यायला वेळ किती लागतो आणि रात्री उशिरा सुटलीस तर घरी कशी जाणार हेपण. तो कागद सोबत ने. परीक्षेच्या तारखा आधीच सांगणारी मुलगी मला हजारदा चालते, आयत्या वेळी सांगणारी नाही.

आईसाहेब:
शिफ्टवाली +१. माझा लेक १५ चा आहे, त्यालाही सुट्टीत काहीतरी करायचंय. एवढ्या लहान मुलांना कामाला ठेवता तरी येतं का?

पुराव्यानिशी:
आईसाहेब, हे तुम्ही राहता तिथल्या कायद्यावर आहे, पण साधारण चौकट आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ सालच्या १३८ क्रमांकाच्या करारातून येते. त्यात कामाचं किमान वय शक्यतो १५ आणि सक्तीचं शिक्षण संपतं त्या वयापेक्षा कमी नाही, काही देशांना १४ ची सूट आहे, शाळेच्या आड न येणारं हलकं काम १३ पासून, आणि धोक्याचं काम १८ च्या आत नाही असं साधारण धरलंय. त्यामुळे १८ च्या आतल्या मुलांना बऱ्याच ठिकाणी कामाचे तास, रात्रपाळी, मशीन यांवर बंधनं असतात. तुमच्याकडचा नियम आधी बघा, पालकांची सही किंवा वयाचा पुरावा लागतो का तेही, म्हणजे इंटरव्ह्यूच्या दिवशी धावपळ नको.

आणि नाना, रागावू नका, पण त्या ९३ टक्क्यांचा अर्थ तसा नाही. ते आकडे अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आलेत. त्यात "कदाचित" सारखा एखादाच सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही याचा अंदाज लोकांना करायला लावला होता. आवड-नावड, भावना, एवढ्यापुरतं ते आहे आणि सगळ्या बोलण्याला ते लावू नका असं खुद्द मेहरेबियननीच स्पष्ट केलंय. "शनिवारी किती वाजता येशील" याचं उत्तर भुवयांनी देता येत नाही.

निवांत_नाना:
बरं बाबा. तरी ताठ बसायला काय हरकत आहे.

कोरीपाटी:
बापरे एवढे प्रतिसाद, धन्स सगळ्यांना! शिफ्टवाली ताई, वेळेचा कागद केला, आणि करताना कळलं की रविवारी संध्याकाळचा क्लास मी विसरलेच होते. "स्वतःबद्दल सांगा" चं उत्तर लिहून बघितलंय, हसू नका:

"मी एक मेहनती, प्रामाणिक आणि जबाबदार मुलगी आहे. मला टीममध्ये काम करायला आवडतं. मला वाचनाची आवड आहे. माझ्यात शिकण्याची जिद्द आहे आणि मी तुमच्या दुकानाच्या प्रगतीत हातभार लावेन."

खवचट:
शाळेच्या निरोप समारंभाला उत्तम.

शिफ्टवाली:
खवचट गप्प बसा जरा. कोरीपाटी, हसत नाहीये, दहातली आठ मुलं हेच म्हणतात, आणि तीच तर अडचण आहे. मेहनती, प्रामाणिक, जबाबदार, हे शब्द कुणाच्याही तोंडी बसतात, मग ते तुझ्याबद्दल काय सांगणार? आता मला सांग, शाळेत, घरी, सोसायटीत, कुठेही, असं काही केलंयस का की ज्यात दुसऱ्या लोकांचं काम तुझ्यावर अवलंबून होतं? बक्षीस मिळालेलंच पाहिजे असं नाही. धाकट्या भावंडाला सांभाळणं, कार्यक्रमात खुर्च्या मांडणं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळ्यांच्या मागे लागणं, काहीही.

कोरीपाटी:
तसं म्हणाल तर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नोंदणीच्या टेबलावर होते. म्हणजे कुठला ग्रुप कुठे बसणार ते सांगायचं. सकाळी दोन ग्रुपना एकच टेबल गेलं होतं, दोघेही भांडायला लागले, सर कुठे सापडेनात. मग मी एका ग्रुपला म्हटलं की तुमच्या मॉडेलला प्लग लागतो का, नाही म्हणाले, मग त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं तिथे प्लग नव्हता, आणि यादीत लिहून सरांना नंतर सांगितलं. पण हे काय सांगायचं, यात काय विशेष?

शिफ्टवाली:
अगं हेच! यातच सगळं आहे! दोन चिडलेली माणसं समोर, वरिष्ठ जागेवर नाहीत, तू एक कामाचा प्रश्न विचारलास, मार्ग काढलास, आणि नंतर वर कळवलंस. दुकानात शनिवारी संध्याकाळी दुसरं काय होतं? शेवटचं कळवणं तर विसरूच नकोस, चाळिशीतली माणसं ते करत नाहीत.

नुकताच_१९:
+१००. याला स्टार पद्धत म्हणतात, आमच्या कॉलेजात शिकवली. परिस्थिती काय होती, तुझ्यावर काम काय होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं, या क्रमाने सांगायचं. मुलं पहिल्या भागातच अडकतात, प्रदर्शन कधी होतं, किती शाळा आल्या होत्या, पाहुणे कोण... तो भाग एका वाक्यात उरक आणि "मी काय केलं" यावर वेळ दे. आणि "आम्ही" कमी, "मी" जास्त. आपल्याला लहानपणापासून मी मी करू नको म्हणून सांगितलेलं असतं त्यामुळे तोंडात आम्हीच येतं, पण समोरच्याला कळतच नाही की तू नक्की काय केलंस.

कोरीपाटी:
ओके दुसरा प्रयत्न:

"मी सध्या बारावीला आहे, शनिवार-रविवार मोकळी असते, फक्त रविवारी संध्याकाळी क्लास असतो. मागच्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं, तिथे येणाऱ्यांशी बोलणं, यादी सांभाळणं आणि काही गोंधळ झाला तर सोडवणं हे मी केलं, आणि मला ते आवडलं. पुस्तकं वाचते त्यामुळे कुणी काय वाचू असं विचारलं तर मला सांगायला मजा येईल. पहिलीच नोकरी आहे, बिलिंग वगैरे शिकावं लागेल."

टेबलाच्या भांडणाचं मुद्दाम राखून ठेवलंय, "अडचण आली तेव्हा काय केलं" असं विचारलं तर.

शिफ्टवाली:
शाब्बास!! उगीच एक शब्द बदलू नकोस. फक्त पाठ करू नकोस, मुद्दे लक्षात ठेव आणि दरवेळी थोडं वेगळं बोल. पाठ केलेलं लगेच कळतं, मधेच कुणी टोकलं की गाडी रुळावरून उतरते. आणि "पुस्तकं वाचते" म्हणालीस की पुढचा प्रश्न ठरलेला, हल्ली काय वाचलंस? त्याचं खरं उत्तर तयार ठेव. जड नाव सांगायची गरज नाही, जे खरंच वाचलंय आणि ज्यावर दोन वाक्यं बोलू शकशील तेच सांग.

आईसाहेब:
मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐक गं. माझ्या भाचीने केलं तेव्हा तिला कळलं की ती प्रत्येक वाक्यात "म्हणजे" दोनदा म्हणते. ऐकवत नाही स्वतःचा आवाज, पण उपयोग होतो. आणि घरच्यांसमोर करण्यापेक्षा एखाद्या काका-मावशीला किंवा शाळेतल्या मॅडमना प्रश्न विचारायला सांग, आईबाबांसमोर हसू येतं.

अवांतर: इंटरव्ह्यूला तू सोबत येशील का असं लेक मला विचारतोय, काय करू?

शिफ्टवाली:
आईसाहेब, सोडायला खुशाल जा, आत नको. एकदा एका बाबांनी मुलाच्या वतीने सगळी उत्तरं दिली, मुलगा छान होता हो, पण मला त्याचा आवाजच ऐकू आला नाही. हां, कागदावर पालकांची सही लागणार असेल तर ते निवड झाल्यावर बघता येतं. जागा अनोळखी असेल तर आधी एकदा जाऊन बघा, आणि दुकान-ऑफिस सोडून भलत्याच ठिकाणी बोलावलं तर मुलांना अजिबात एकटं पाठवू नका.

नुकताच_१९:
यावरून आठवलं, कोरीपाटी, कुणी "ट्रेनिंगचे", "युनिफॉर्मचे", "डिपॉझिट" म्हणून आधी पैसे मागितले तर उठून ये. काम तू करणार आणि पैसे तूच देणार हा काय प्रकार. माझ्या मित्राला एका ठिकाणी रजिस्ट्रेशन फी मागितली आणि दिल्यावर फोन बंद. ओरिजिनल मार्कशीट किंवा ओळखपत्र ठेवून घेतो म्हणाले तरी नाही म्हणायचं, दाखव आणि परत घे, झेरॉक्स दे. ओटीपी तर कुणालाच नाही.

कोरीपाटी:
हे लक्षात ठेवते, थँक्स दादा. रेझ्युमेचं राहिलंच! आणि कपडे काय घालू? आई साडी म्हणतेय 😭

नुकताच_१९:
रेझ्युमे एकच पान. वर नाव, फोन, ईमेल. ईमेल आयडी प्रिन्सेस आणि रॉकस्टारवाला असेल तर आजच नावाचा नवीन काढ. मग शिक्षण, मग ते प्रदर्शनाचं काम आणि असं अजून जे काही केलंय ते एकेका ओळीत, कुठल्या भाषा येतात, कॉम्प्युटरवर काय येतं, कामाला कधी येऊ शकतेस. जन्मतारीख, आधार नंबर, आईवडिलांची नोकरी, धर्म-बिर्म काही नको, मागितलं तर नंतर देता येतं. छंदांची यादी पण नको, इथे वाचनाचा संबंध आहे म्हणून तेवढंच लिही. ओळखीच्या सरांचं नाव संदर्भ म्हणून देणार असशील तर आधी त्यांना विचार, फोन गेला आणि ते म्हणाले कोण ही, तर पंचाईत.

शिफ्टवाली:
साडी नको गं, दिवसभर पदर सांभाळत बसशील. दुकानात एकदा चक्कर मारून तिथली मुलं काय घालतात बघ आणि त्याच्यापेक्षा थोडंसंच नीटनेटकं घाल. इस्त्री केलेलं, आधी घालून पाहिलेलं, बसल्यावर ओढावं लागणार नाही असं. बूट-चप्पल नवीकोरी नको, चावते. सेंट फवारू नकोस, छोट्या केबिनमध्ये डोकं दुखतं आमचं.

आणि चक्कर मारशील तेव्हा डोळे उघडे ठेव. मुलांची पुस्तकं कुठे आहेत, गर्दी कुठल्या कोपऱ्यात असते, काउंटरवर किती जण आहेत. "आमच्याकडेच का काम करायचंय" याचं उत्तर तिथेच मिळतं. "तुमचं नाव खूप ऐकलंय" यापेक्षा "मागच्या रविवारी आले होते, लहान मुलांच्या विभागात पालक बराच वेळ शोधत होते, तिथे मदत करायला मला आवडेल" हे ऐकल्यावर मी पेन खाली ठेवेन आणि तुझ्याकडे बघेन.

कोरीपाटी:
अपडेट! त्यांचा मेल आला, पहिला राउंड व्हिडिओ कॉलवर आहे, मग दुकानात. आता नवीन टेन्शन. आणि तसंही घाबरले की माझा आवाज थरथरतो, हात थंड पडतात, त्याचं काय करू?

निवांत_नाना:
बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभी राहा. शास्त्रीय आहे हे, हार्मोन बदलतात.

पुराव्यानिशी:
नाना, तुम्ही माझ्यासाठीच लिहिता का? 😄 तो पॉवर पोझचा अभ्यास २०१० चा, ४२ जणांवरचा. २०१५ मध्ये २०० जणांवर पुन्हा करून पाहिला तेव्हा हार्मोनचा परिणाम दिसलाच नाही, आणि मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच २०१६ मध्ये सांगितलं की आपला आता त्यावर विश्वास नाही. उभं राहून बरं वाटत असेल तर राहा, पण हार्मोनच्या भरवशावर नको.

थरथरण्याबद्दल एक कामाचं सांगतो. ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ चा अभ्यास आहे, गाणं, भाषण आणि गणित यांच्या आधी ज्यांनी स्वतःला "शांत हो" सांगितलं त्यांच्यापेक्षा "मी एक्साइटेड आहे" म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. छाती दोन्ही वेळेला धडधडतेच, ती जबरदस्तीने थांबवण्यापेक्षा उत्साह म्हणून घेणं सोपं जातं. बाकी, प्रश्न ऐकल्यावर लगेच तोंड उघडायची सक्ती नाही. "थोडा विचार करून सांगते" म्हणायचं आणि खरंच विचार करायचा. बोलणाऱ्याला ती शांतता फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला तेवढी नाही.

शिफ्टवाली:
अनुमोदन. आणि हात थरथरले तर थरथरू देत, मला त्याने काही फरक पडत नाही. फार वाटलं तर "पहिलाच इंटरव्ह्यू आहे, थोडी नर्व्हस आहे" असं एकदा म्हणून टाक आणि पुढे जा.

व्हिडिओचं: उजेड चेहऱ्यावर समोरून हवा, खिडकीला पाठ करून बसलीस तर नुसती काळी सावली दिसते. फोन हातात धरू नकोस, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर डोळ्यांच्या उंचीला टेकव, आडवा. नोटिफिकेशन बंद, चार्जर लावलेला, स्क्रीनवरचं नाव नीट आहे का बघ, दादाच्या लॅपटॉपवरून आलीस तर त्याचं गेमिंगचं नाव झळकेल. आदल्या दिवशी मैत्रिणीला त्याच जागेवरून कॉल लावून बघ. नेट गेलं तर लगेच त्यांना फोन करता यावा म्हणून नंबर कागदावर लिहिलेला असू दे. मुद्द्यांचा कागद कॅमेऱ्याच्या मागे चिकटवलास तरी चालेल, वाचून दाखवू नकोस एवढंच, डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात.

खवचट:
आणि दादाला खोलीबाहेर काढ, तो हसणार.

कोरीपाटी:
खवचट काका, हे सगळ्यात महत्त्वाचं 😂 शेवटचे दोन प्रश्न. "तुला काही विचारायचंय का" म्हटलं तर काय विचारू, पगाराचं विचारलं तर वाईट दिसतं का? आणि "तुझी कमकुवत बाजू काय" याला काय सांगतात? नेटवर म्हणतात की "मी परफेक्शनिस्ट आहे" सांगा.

शिफ्टवाली:
परफेक्शनिस्ट नको!! ऐकून ऐकून कान किटले. काहीतरी खरं, छोटं आणि ज्यावर तू काही करतेयस असं सांग. उदाहरणार्थ, अनोळखी माणसांशी पहिल्यांदा बोलताना हळू आवाजात बोलते, म्हणून आता मुद्दाम वर्गात प्रश्न विचारते. फक्त "सकाळी उठवत नाही" हे खरं असलं तरी सकाळच्या शिफ्टच्या इंटरव्ह्यूला सांगू नकोस.

विचारायचं म्हणशील तर पहिल्या आठवड्यात माझं काम काय असेल, शिकवणार कोण, शिफ्ट किती दिवस आधी कळते, परीक्षेच्या काळात सुट्टीचं कसं करता. यातलं त्यांनी आधीच सांगितलं असेल तर परत विचारू नकोस. पगाराचं विचारणं अजिबात वाईट नाही. पहिल्याच वाक्यात नको, पण हो म्हणायच्या आधी तासाला किती, कधी आणि कसे मिळणार, ट्रेनिंगच्या दिवसांचे मिळणार का हे कळलंच पाहिजे, आणि ते लेखी, निदान मेलवर तरी. "आधी काम बघू मग पैशाचं बोलू" म्हणतात तिथे ते बोलणं पुढे कधीच होत नाही.

आईसाहेब:
शिफ्टवाली, तुम्हीच एक वेगळा लेख लिहा बाई. वाचनखूण साठवली. इंटरव्ह्यू झाल्यावर काय, वाट बघत बसायचं नुसतं?

शिफ्टवाली:
निघतानाच विचारायचं, साधारण कधीपर्यंत कळवाल. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल, वेळ दिल्याबद्दल आभार आणि काम करायला आवडेल एवढंच, निबंध नको. त्यांनी सांगितलेली तारीख उलटली की एक-दोन दिवस थांबून एकदाच विचारायचं. रोज फोन नको, आणि आईने तर मुळीच करायचा नाही. नकार आला तर "पुढच्या वेळी मी काय सुधारू" असं विचारून बघ कोरीपाटी, सगळे उत्तर देत नाहीत, पण मला असं विचारणाऱ्या एका मुलाला मी पुढच्या सिझनला स्वतःहून फोन केला होता.

कोरीपाटी:
ओके ताई. आता उद्या दुकानात चक्कर मारून येते, आणि ईमेल आयडी पण बदलते, कुठला होता ते विचारू नका.

खवचट:
विचारतोय.